शिंपल्याला उघडण्याचा स्नायू नसतो

शिंपल्याला मिटायला स्नायू असतो, उघडायला नसतो. दोन शिंपांच्या आत, एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत गेलेला दणकट स्नायू (काही जातींत एक, काहींत दोन) आखडला की शिंपा मिटतात. उघडण्याचं काम बिजागरीपाशी असलेल्या एका लवचीक बंधाकडे असतं. मिटताना हा बंध ताणला किंवा दाबला जातो, आणि स्नायूने पकड सोडली की तो आपसूक मूळ आकाराला येतो. त्याला मज्जातंतूंचा हुकूम लागत नाही, ऊर्जा लागत नाही, प्राणी जिवंत असायचीही गरज नाही. मेलेला शिंपला आ वासून पडलेला असतो तो म्हणूनच.

म्हणजे या प्राण्याचं सगळं आयुष्य त्या बंधाच्या विरोधात चाललेलं असतं. ओहोटी लागली, पाणी उतरलं की पुढचे काही तास मिटून राहायचं, नाहीतर सुकून मरायचं. तारामासा अंगावर आला तर तो आपल्या शेकडो नळीपायांनी दोन्ही शिंपा विरुद्ध दिशांना ओढत राहतो. त्याला फार मोठी फट लागतही नाही. केसाएवढी सापडली तरी तो आपलं पोट तिच्यातून आत सारतो आणि शिंपल्यातल्या जिवाला त्याच्याच घरात पचवायला घेतो. अशा पाहुण्यासमोर थकून चालत नाही.

आपण मात्र थकतो. हात खांद्याच्या रेषेत आडवा धरून उभं राहून पाहा. काही मिनिटांत खांदा भरून येतो, मग थरथरायला लागतो. हात हललेला नसतो, वजन उचललेलं नसतं, तरी आत काम चालूच असतं. स्नायूत मायोसिनचे जाड तंतू आणि अ‍ॅक्टिनचे बारीक तंतू असतात. मायोसिनची टोकं अ‍ॅक्टिनला धरतात, ओढतात, सोडतात, पुन्हा धरतात, आणि या प्रत्येक फेऱ्याला एटीपीचा, म्हणजे पेशीच्या इंधनाचा, एक रेणू खर्ची पडतो. नुसतं धरून ठेवण्याचंही बिल येतं. शिंपल्याला ते जवळजवळ येत नाही. एकदा आखडलेला स्नायू तो तासन्‌तास तसाच ठेवू शकतो आणि त्या काळात त्याचा ऊर्जेचा खर्च विश्रांतीपेक्षा किंचितच जास्त असतो. शरीरक्रियाशास्त्रात या अवस्थेला ‘कॅच’ म्हणतात.

मी इथपर्यंत आले ती डॉक्टरांच्या चिठ्ठीमुळे. मनावरच्या मळभासाठी त्यांनी एक गोळी लिहून दिली आणि चिठ्ठीच्या मागच्या बाजूला पेनाने दोन मज्जापेशी काढल्या, मधे एक फट, फटीत ठिपके. ठिपके म्हणजे सेरोटोनिन. एका पेशीने फटीत सोडायचं, पलीकडच्या पेशीने ओळखायचं, आणि पहिलीने उरलेलं परत शोषून घ्यायचं. गोळी हे परत शोषणं अडवते. चित्र सुबक होतं. घरी येऊन वाचायला बसले तर जो तो सेरोटोनिनला ‘आनंदाचं रसायन’ म्हणत होता. सकाळी सकाळी येणाऱ्या फॉरवर्डांतसुद्धा ते याच नावाने येतं. मला या नावाचा पहिल्यापासून राग आहे. आपल्या शरीरातलं नव्वद टक्क्यांच्या आसपास सेरोटोनिन आतड्यांत असतं, आणि आतडी फारशी आनंदी असल्याचं माझ्या ऐकिवात नाही. मग मी उलट्या दिशेने शोधायला लागले: हा रेणू मज्जासंस्थेत निरोप पोचवतो हे पहिल्यांदा लक्षात आलं कुठे? उत्तर सापडलं ते समुद्रातल्या खडकाला चिकटलेल्या एका काळ्या-निळ्या शिंपल्याच्या स्नायूत. मिटिलस एड्युलिस. कोकणात शिणाणे म्हणतात त्यांचा जवळचा नातेवाईक.

पण त्याच्या आधी पावलोव्ह. कुत्र्यांवरच्या प्रयोगांमुळे जगाला ठाऊक झालेले हे गृहस्थ १८८५ साली गोड्या पाण्यातल्या शिंपल्यामागे लागले होते. शिंपला आपली शिंप उघडतो कसा, हा त्यांचा साधा प्रश्न. बंध आहे हे माहीतच होतं. पण बंधाला वाव मिळण्यासाठी स्नायूने आधी सैल पडायला हवं, ते कसं घडतं? त्यांना आढळलं की स्नायूकडे दोन प्रकारचे मज्जातंतू जातात. काही चेतवले की स्नायू आखडतो, काही चेतवले की आखडलेला स्नायू सुटतो. सुटण्याचा वेगळा निरोप असतो, तो यावा लागतो.

ही गोष्ट वाटते तितकी साधी नाही. तुमच्या-माझ्या दंडाच्या स्नायूला ‘सोड’ असं सांगणारी एकही मज्जापेशी जात नाही. तिथे फक्त ‘आखड’ म्हणणाऱ्या जातात आणि त्या निरोप म्हणून अ‍ॅसिटिलकोलीन सोडतात. त्यांनी बोलणं थांबवलं की फटीतलं अ‍ॅसिटिलकोलीन एक विकर क्षणार्धात मोडून टाकतं, आखडायला लावणारं पेशीतलं कॅल्शियम पंपांनी पुन्हा साठ्यात ओढलं जातं आणि स्नायू सैल पडतो. थांबवायचं की नाही याचा सगळा खल वर, मणक्यातल्या मज्जारज्जूत होतो. आपल्या हातापायांचं सैल पडणं म्हणजे हुकूम नसणं. शिंपल्याच्या बाबतीत हुकूम नसला तर काहीच बदलत नाही. जे धरलंय ते धरलेलंच राहतं.

१९५० च्या सुमारास हार्वर्डमध्ये जॉन वेल्श यांच्या प्रयोगशाळेत बेटी ट्वारॉग नावाची तरुण संशोधक या प्रश्नावर काम करत होती. तिने निवडलेला स्नायू शिंपा मिटणारा नव्हता. मिटिलस आपल्या पायातल्या ग्रंथीतून चिवट धागे (बायसस) काढतो आणि त्यांनी खडकाला बांधून घेतो. या धाग्यांच्या मुळापासून शिंपेच्या आतल्या बाजूपर्यंत स्नायू गेलेले असतात. लाट आली की ते आखडून प्राण्याला खडकाशी घट्ट ओढून धरतात. त्यातला पुढचा स्नायू प्रयोग करणाऱ्याला हवा तसा आहे. लांबट, पांढुरका, त्याचे सगळे तंतू एकाच दिशेने गेलेले. शिंप काळजीपूर्वक उघडली तर फाटू न देता सोडवून घेता येतो. समुद्राच्या थंड पाण्यात ठेवला तर बराच वेळ जिवंत राहतो. जोरही असा की एका चौरस सेंटीमीटर जाडीला १० किलोपेक्षा जास्त ओढ. आपला स्नायू याच्या निम्म्यालाही पोचत नाही.

हा प्रयोग मला डोळ्यांसमोर आणायला आवडतो, कारण त्यात लपवाछपवी काहीच नाही. स्नायूचं एक टोक भांड्याच्या तळाशी अडकवायचं, दुसरं दोऱ्याने एका तरफेला. तरफेची हालचाल फिरत्या कागदावर रेघ ओढते. पाण्यात अ‍ॅसिटिलकोलीन घातलं की रेघ चढते. आता भांड्यातलं पाणी बदलायचं, अ‍ॅसिटिलकोलीन धुऊन काढायचं. आपला स्नायू असता तर रेघ खाली आली असती. इथे ती वरच राहते. कागद सरकत राहतो, ती किंचित उतरते, पण वरच. भांड्यात आता ‘आखड’ म्हणणारं कुणीही नाही, तरी स्नायू ऐकलेलं विसरायला तयार नाही. मग अगदी सूक्ष्म प्रमाणात सेरोटोनिन घालायचं. रेघ खाली येते. अगदी मुळापर्यंत.

यातला मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो पुढचा भाग. सेरोटोनिन भांड्यात असतानाच पुन्हा अ‍ॅसिटिलकोलीन घातलं तर स्नायू झकास आखडतो. म्हणजे सेरोटोनिनने त्याला बधिर केलेलं नसतं, दुबळं केलेलं नसतं. फरक एवढाच की या वेळी अ‍ॅसिटिलकोलीन काढून घेतलं की तो लगेच सैलही पडतो. त्याची ताकद शाबूत असते, फक्त अडकून राहणं जातं. १९३७ साली विंटन या शास्त्रज्ञाने याच स्नायूला विजेने चेतवून पाहिलं होतं. सलग एका दिशेचा प्रवाह दिला तर स्नायू आखडून तसाच राही. तुटक किंवा उलटसुलट प्रवाह दिला तर आखडून चटकन सुटे. त्या वेळी हे कोडं होतं. तुटक प्रवाहाने ‘सोड’ म्हणणारे मज्जातंतूही जागे होतात, हे नंतर कळलं.

ट्वारॉगचा हा शोधनिबंध १९५४ मध्ये छापून आला. तोपर्यंत ती क्लीव्हलँडला आयर्विन पेज यांच्याकडे गेली होती. पेज यांच्याच प्रयोगशाळेत १९४८ मध्ये रक्तातून सेरोटोनिन वेगळं काढलं गेलं होतं. त्यांना रस होता तो रक्तदाबात, रक्तवाहिन्या आवळणाऱ्या एका पदार्थात. इटलीत एर्स्पामर यांनी आतड्यातून आणि ऑक्टोपसच्या लाळग्रंथींतून काढलेला पदार्थही हाच, हे तेव्हा नुकतंच स्पष्ट झालं होतं. ट्वारॉगचं म्हणणं असं की शिंपल्यात हा रेणू मज्जातंतूंचं काम करत असेल, तर सस्तन प्राण्यांच्या मेंदूत तो का नसावा? तिने पाहिलं, आणि होता. तो निबंध १९५३ चा. म्हणजे छापील तारखांच्या हिशेबात उत्तर आधी आलं आणि प्रश्न जिथून निघाला तो शिंपला मागून.

मेंदूतलं सेरोटोनिन मोजलं कशाने, तेही सांगायला हवं. वेल्श यांच्याकडची जुनी हातोटी होती: व्हीनस जातीच्या शिंपल्याचं हृदय. ते छोटं हृदय पाण्यात टांगलं तर धडधडत राहतं आणि पाण्यात सेरोटोनिनचा मागमूस जरी असला तरी त्याचे ठोके जोरकस होतात. अ‍ॅसिटिलकोलीनने उलट मंदावतात. ट्वारॉग आणि पेज यांनी प्राण्यांच्या मेंदूचा अर्क या हृदयावर घालून त्यातलं सेरोटोनिन मोजलं. १९५७ मध्ये वेल्श यांनी याच हृदयावर एलएसडी घालून पाहिलं. नगण्य मात्रेने ते चेतलं आणि कितीतरी वेळ तसंच राहिलं. माणसाच्या मनाला भलत्याच जागी नेणारा पदार्थ सेरोटोनिनच्या दारातून आत शिरतो, ही शंका त्या दशकात अनेकांना येत होती. शिंपल्याच्या हृदयाला भास होत नाहीत. ते फक्त धडधडलं.

इथे जरा थांबायला हवं, कारण नीट पाहिलं तर गोंधळ आहे. बायसस ओढणाऱ्या स्नायूला अ‍ॅसिटिलकोलीन म्हणतं आखड, सेरोटोनिन म्हणतं सोड. हृदयाला अ‍ॅसिटिलकोलीन म्हणतं हळू, सेरोटोनिन म्हणतं जोरात. दोघांच्या भूमिका अगदी उलट. आणखी आत गेलं तर गंमत वाढते: सेरोटोनिन आल्यावर दोन्हीकडे पेशीच्या आत पहिली ठळक घडामोड एकच असते, चक्रीय एएमपी नावाचा रेणू वाढतो. निरोप तोच, निरोप्याही तोच. पलीकडे कोणती यंत्रणा वाट पाहत उभी आहे, त्यावर अर्थ ठरतो. ‘आनंदाचं रसायन’ या नावावरचा माझा राग यानंतर कमी झाला नाही, पण त्याला आधार मिळाला.

मग त्या अडकलेल्या स्नायूत कोणती यंत्रणा उभी असते? बरीच वर्षं लोक पॅरामायोसिन या प्रथिनाकडे बोट दाखवत होते. या स्नायूंच्या जाड तंतूंचा गाभा त्याचाच असतो, आणि हे तंतू आपल्या तंतूंच्या दहापटीहून लांब असतात. प्रचंड ओढ येते ती बहुधा त्यातूनच. दुसरा एक मोठा फरक १९७० मध्ये कळला. आपल्या स्नायूत कॅल्शियमची कळ बारीक तंतूवर, ट्रोपोनिन या प्रथिनावर असते. मृदुकाय प्राण्यांत कॅल्शियम थेट मायोसिनलाच जाऊन चिकटतं. अ‍ॅसिटिलकोलीन आलं, पेशीत कॅल्शियम वाढलं, मायोसिन जागं झालं, स्नायू आखडला, इथपर्यंत सरळ. पण कॅचमध्ये कॅल्शियम पुन्हा उतरलेलं असतं, मायोसिन कामावर नसतं, आणि तरी ओढ कायम. कोण धरून ठेवतंय?

फिलाडेल्फियात मॅरियन सीगमन, थॉमस बटलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकाच्या शेवटी जो उमेदवार पकडला तो ट्विचिन. अवाढव्य प्रथिन, जाड तंतूंना लगटून असलेलं. त्याच्यावर फॉस्फेटचा गट नसतो तेव्हा स्नायू अडकून राहू शकतो. सेरोटोनिन येतं, चक्रीय एएमपी वाढतं, ते एका विकराला जागं करतं, आणि ते विकर ट्विचिनवर फॉस्फेट चढवतं. पकड सुटते. पुढच्या वेळी अ‍ॅसिटिलकोलीनने कॅल्शियम वाढलं की त्याच कॅल्शियमने जागं होणारं दुसरं विकर ते फॉस्फेट काढून टाकतं, म्हणजे आखडता आखडताच स्नायू पुन्हा अडकायला तयार होतो. ओढून घेतल्यावर आपोआप बसणारी कडी असते ना, दार लावताना वेगळं काही करावं लागत नाही, उघडताना मात्र कुणीतरी हाताने ती वर करावी लागते, तसं. ट्विचिन स्वतः दोन तंतूंमधला दुवा होतं की मायोसिनच्याच टोकांना सुटू देत नाही, यावर अभ्यासकांचे वाद झाले आहेत, आणि ते वाचायला मला प्रयोगांइतकेच आवडतात.

सगळे मृदुकाय असेच चालतात असं समजू नका. हा ८० हजारांहून जास्त जातींचा गोतावळा आहे. त्यात जन्मभर एका खडकावर बसणारे आहेत आणि झपकन पळणारे माकूलही आहेत. माकूल पाणी फेकत पळतं तेव्हा त्याच्या अंगाच्या स्नायूला निरोप देतं ते ग्लुटामेट. त्याच्या कातडीत रंगाचे ठिपके असतात. एकदा प्रयोगशाळेत भिंगाखाली तो तुकडा पाहायला मिळाला होता: तपकिरी पिशव्या, एकेकीभोवती किरणांसारखे लावलेले बारीक स्नायू. ते आखडले की पिशवी ताणून चकतीएवढी होते, सैल पडले की पिशवी स्वतःच्या लवचीकपणाने आक्रसून बिंदू होते. इथेही आखडायला ग्लुटामेट आणि सैल करायला सेरोटोनिन. शिंपल्यात स्नायू मिटतो आणि लवचीक भाग उघडतो. माकूलाच्या कातडीत स्नायू उघडतो आणि लवचीक भाग मिटतो. प्राणी मेलेला होता, तरी काही ठिपके मधूनच फुगत होते, बारीक होत होते. मी बराच वेळ तिथून हलले नाही.

समुद्री ससा म्हणतात त्या अ‍ॅप्लिशियाची तऱ्हा आणखी निराळी. तो शेवाळ खातो तेव्हा जिभेवरचे दात मिटणाऱ्या एका छोट्या स्नायूवर दोन मज्जापेशी काम करतात. दोन्ही अ‍ॅसिटिलकोलीन सोडतात, पण त्याच्याबरोबर पेप्टाइडंही, म्हणजे अमिनो आम्लांच्या छोट्या साखळ्या, सोडतात. काही आखडणं वाढवतात आणि सुटणंही झटपट करतात, काही अ‍ॅसिटिलकोलीनलाच आवर घालतात. वरून एक मोठी सेरोटोनिन-पेशी भूक लागलेली असताना सगळ्याचा वेग वाढवते. सुटणं झटपट का हवं? भराभर चावायचं तर पुढचा घास घेण्याआधी आधीचा स्नायू मोकळा व्हायला हवा. आखडण्याइतकंच सुटण्याचं गणित तिथे जपलेलं असतं. अशा पेप्टाइडांपैकी एक, फक्त चार अमिनो आम्लांचं, १९७७ मध्ये प्राइस आणि ग्रीनबर्ग यांनी एका शिंपल्यातून वेगळं केलं. त्याची भावंडं नंतर कीटकांपासून माणसापर्यंत सापडली.

एव्हाना तुम्हाला वाटत असेल की बाई आता म्हणणार, सेरोटोनिन शिंपल्याला धरलेलं सोडायला शिकवतं, तसंच ते आपल्यालाही. मोह होतो, खोटं कशाला बोलू. गोळी सुरू केल्यावर काही आठवड्यांनी माझा आवळलेला जबडा सैल राहायला लागला तेव्हा तर फारच झाला. पण शिंपला दुःखाने मिटलेला नसतो, आणि माझ्या जबड्यात ट्विचिनची कडी नाही. आमच्यात सामाईक आहे तो एक रेणू आणि त्याला ओळखणाऱ्या प्रथिनांचं फार जुनं घराणं. एवढंही पुष्कळ आहे. त्याच्यावर उपमा चढवली की ते लहान होतं.

शिवाय खरं नातं उपमेपेक्षा जास्त विचित्र आहे. शिंपल्यात सेरोटोनिनचं आणखी एक काम असतं: अंडी आणि शुक्राणू पाण्यात सोडण्याचा इशारा. शिंपल्यांचं बीज तयार करणाऱ्या केंद्रांत ते टोचून प्रजननाला सुरुवातही करता येते. १९९८ च्या सुमारास अमेरिकेतल्या गेटिसबर्ग कॉलेजचे पीटर फाँग यांनी दाखवलं की नैराश्यावरच्या, सेरोटोनिन परत शोषू न देणाऱ्या गोळ्या पाण्यात मिसळल्या तरी झेब्रा शिंपले प्रजनन करायला लागतात. पुढे २०१३ मध्ये त्यांनी समुद्री गोगलगायी घेतल्या. गोगलगाय पायाने धरून असते, म्हणून ती खडकावर असते. अशी औषधं घातलेल्या पाण्यात त्या गोगलगायींचे पाय सुटले. पाच जातींमध्ये. मेल्या नाहीत, पाय हलत होता, पण तळ पकडत नव्हता, आणि त्या भांड्याच्या तळाशी आडव्या पडल्या.

प्रयोगातली मात्रा समुद्राच्या पाण्यात सहसा सापडते त्यापेक्षा बरीच जास्त होती, हे सांगणं न्यायाचं आहे. पण नद्यांत आणि किनाऱ्यालगतच्या पाण्यात ही औषधं मोजता येण्याइतकी सापडतात, हेही तितकंच खरं. ती तिथे जातात आपल्याच शरीरातून. गोळीचा काही भाग यकृत बदलून टाकतं, काही तसाच लघवीतून जातो, आणि सांडपाणी शुद्ध करणारी केंद्रं असे रेणू पूर्णपणे थोपवतील अशी बांधलेलीच नसतात. मी डॉक्टरांना हे सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, गोगलगायींबद्दल दोन प्रश्न विचारले, आणि मात्रा आहे तीच ठेवली.